कुपवाड ते नैरोबी: सत्तावीसशे किलोंचा खोका मालवाहू विमानात चढवताना

हवाई कार्गो म्हटलं की आपल्याकडं द्राक्षाच्या पेट्या, नाहीतर कुरिअरचं पार्सल डोळ्यापुढं येतं. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमधून आजवर जे परदेशी गेलं ते सगळं न्हावाशेव्यातून, बोटीनं. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्यांदा विमानानं माल पाठवायची वेळ आली, आणि मालही असा की प्रवासी विमानाच्या पोटात मावेना. मालवाहू विमानच लागलं. काय काय करावं लागलं, कुठं अडलं, किती पैसे गेले, ते तारखांसकट लिहून ठेवतोय. मिरज, पलूस, कराड, सातारा भागात यंत्रांचे भाग करणारे पुष्कळ आहेत. कुणावर अशी वेळ आली तर निदान पहिल्या फोनवर काय विचारायचं हे तरी ठाऊक असावं.

८ जानेवारी, सोमवार. केनियाच्या पश्चिम भागातल्या एका साखर कारखान्याचा निरोप आला. त्यांच्या उभ्या क्रिस्टलायझरचा, म्हणजे साखरेचं घट्ट मिश्रण ढवळत थंड करणाऱ्या टाकीचा, गिअरबॉक्स गेला होता. क्रिस्टलायझर थांबला की आतलं सी-मॅसेक्यूट, म्हणजे साखरेचे कण आणि मळी यांचं दाट मिश्रण, थंड होऊन घट्ट बसतं, मग ते ढवळायला नवा गिअरबॉक्ससुद्धा जोर लावतो. गाळप अडलं की काय होतं हे सांगलीत कुणाला समजावून सांगायला नको. त्याच मापाचा एक नग आमच्याकडं जोडणीत होता. बोटीनं मोंबासा आणि तिथून रस्त्यानं, एवढा दम त्यांना निघत नव्हता. विमानानं पाठवा, भाडं आम्ही देतो, म्हणाले.

९ तारखेला तीन फॉरवर्डरना, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्यांना, फोन केले. तिघांनीही पहिला प्रश्न वजनाचा विचारला. खरा प्रश्न उंचीचा आहे, आणि तो तिसऱ्यानंच विचारला. गिअरबॉक्स नुसता १७२ सेंमी उंच, खोक्यासकट दोन मीटर. मोठ्या प्रवासी विमानात, म्हणजे ७७७ किंवा ए३३० मध्ये, माल प्रवाशांच्या पायाखाली जातो आणि तिथं पॅलेटवरच्या मालाची उंची साधारण १६० सेंमीवर संपते. लहान विमानांच्या पोटात तर माणसांनी हातानं लावायचा सुटा मालच जातो, त्यामुळं कोल्हापूरच्या विमानानं पाठवा म्हणणाऱ्यांचा विषय तिथंच मिटला. मालवाहू विमानाच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे मेन डेकवर, जिथं एरवी खुर्च्या असतात तिथं तीन मीटर उंचीपर्यंतचा माल बसतो. ७७७ च्या मालवाहू प्रकाराचं बाजूचं दारच ३.७२ मीटर रुंद आणि ३.०५ मीटर उंच असतं.

एका फॉरवर्डरनं स्वस्त दर दिला होता. खोदून विचारल्यावर कळलं, तो गिअरबॉक्स आडवा करून पोटात घालणार होता. उभ्या शाफ्टचा गिअरबॉक्स आडवा ठेवला की आतल्या बेअरिंगांवर नको त्या दिशेनं भार येतो. तेव्हा चौकशी करताना चार गोष्टी आधीच कागदावर द्या: खोक्यासकट मापं सेंटिमीटरमध्ये, खोक्यासकट वजन, आडवं करता येतं का, आणि वर दुसरा माल ठेवता येतो का. शेवटच्या दोन्हींचं आमचं उत्तर ‘नाही’ होतं, आणि दर त्यावरच ठरला.

दराचं गणित असं. विमानात खरं वजन आणि घनफळाचं वजन, यातलं जे जास्त त्यावर भाडं लागतं. घनफळाचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंमीमध्ये, भागिले ६०००. आमचा खोका शेवटी २२० × १७० × २०५ झाला. त्याचं घनफळी वजन १,२७८ किलो येतं, खरं वजन त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे लोखंडवाल्यांना खोका थोडा मोठा झाल्यानं दर वाढत नाही. फोम, फायबर, पोकळ पत्र्याचा माल असणाऱ्यांचं मात्र उलटं, त्यांनी खोक्याचा एकेक इंच मोजावा.

सगळे अधिभार धरून किलोला १६८ रुपये ठरले. मुंबईहून आखातातल्या एका केंद्रावर, तिथं विमान बदलून नैरोबी. दर चढाच होता. लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून युरोपचा बराच माल दुबईपर्यंत बोटीनं आणि पुढं विमानानं जायला लागला होता, त्यामुळं आखातातून पुढच्या जागा भरलेल्या. दराला मुदत ७ दिवसांची. हे लक्षात ठेवा: हवाई दर आठवड्याला बदलतो, महिन्यापूर्वीचा दर खरेदीदाराला कळवून बसू नका.

विमा वेगळा उतरवला, मालाच्या किमतीच्या ११० टक्क्यांवर. कुणी म्हणेल विमान कंपनी जबाबदार असतेच की. असते, पण किलोच्या हिशेबानं. हवाई वाहतुकीच्या माँट्रियल करारानुसार तेव्हा ती मर्यादा किलोला २२ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन) होती, रुपयांत साधारण अडीच हजार. २८ डिसेंबर २०२४ पासून ती २६ झाली आहे. सत्तावीसशे किलोच्या लोखंडाला तेवढ्यात पूर्ण किंमत निघते, मोबाइलच्या खोक्याला निघणार नाही. पण ती जबाबदारी विमानतळापुरती. कुपवाडपासून सहारपर्यंतचा, म्हणजे मुंबई विमानतळाच्या कार्गो टर्मिनलपर्यंतचा ट्रक आणि नैरोबीपासून कारखान्यापर्यंतचा रस्ता त्यात येत नाही, आणि आमची जास्त भीती त्याच दोन टप्प्यांची.

१३ तारखेला, शनिवारी, चाचणी झाली आणि तेल काढलं. इथं समुद्राची सवय नडली. बोटीनं पाठवताना आम्ही थोडं तेल आत ठेवतो, गंज चढू नये म्हणून, आणि ब्रीदरच्या, म्हणजे हवा ये-जा करायच्या तोंडाच्या, जागी प्लग मारतो. विमानात तसं चालत नाही. विमान वर गेलं की आतला हवेचा दाब जमिनीवरच्या जवळजवळ तीन चतुर्थांशावर येतो. बंद गिअरबॉक्समधली हवा तेवढी फुगते आणि उरलेलं तेल सीलमधून बाहेर ढकलते. विमानाच्या फरशीवर तेलाचा थेंब दिसला की तो कशाचा आहे हे कळेपर्यंत सगळा माल संशयित. म्हणून तेल पूर्ण निथळवलं: एक रात्र ड्रेन उघडा ठेवून, गिअरबॉक्स एका बाजूनं दोन इंच उचलून. आत गंजरोधक फवारा मारला आणि ब्रीदर मोकळा ठेवून त्यावर फिल्टर बसवला. तेल निथळल्याचं आणि माल धोकादायक नसल्याचं पत्र लेटरहेडवर, शिवाय तेलाचं सुरक्षा माहितीपत्रक. हे दोन कागद दिल्याशिवाय यंत्राचा माल कोणी हातात धरत नाही.

१५ ला संक्रांत. सुतार दोन दिवस गायब. हे आधी धरलं पाहिजे होतं, धरलं नाही.

खोक्याचं काम १६ ते १८. सगळ्या लेखात काळजीपूर्वक वाचायचं काही असेल तर हा भाग.

बोटीच्या खोक्याला आम्ही खाली दोन लांब पट्ट्या ठोकतो, १०० मिमी रुंदीच्या. कंटेनरच्या फरशीला त्या पुरतात. २,६४० किलोचा भार दोन पट्ट्यांवर, म्हणजे ०.४४ चौरस मीटरवर आला, तर चौरस मीटरला ६,००० किलो पडतात. विमानाची फरशी एवढं घेत नाही. विमानात फरशी म्हणजे आडव्या बीमवर बसवलेले रोलर, त्यावर जेमतेम बोटाएवढ्या जाडीची ॲल्युमिनियमची पॅलेट, आणि त्यावर आपला खोका. पॅलेट ३१८ × २४४ सेंमीची, मेन डेकवर तिचं एकूण वजन ६,८०४ किलोपर्यंत चालतं. त्यामुळं वजन एकूण किती याची कोणी काळजी करत नव्हतं, ते किती जागेवर टेकतं हेच परतपरत विचारत होते. बुकिंगनंतर खोक्याच्या तळाचं ड्रॉइंग मागितलं ते याचसाठी, आणि पहिलं ड्रॉइंग परत आलं.

उपाय सोपा निघाला: पट्ट्यांखाली आडव्या पाच फळ्या, प्रत्येकी १७० सेंमी लांब, २०० मिमी रुंद, ५० मिमी जाड. टेकणारी जागा १.७ चौरस मीटर झाली आणि भार चौरस मीटरला सोळाशेच्या आत आला. टर्मिनलवर त्यांनी पॅलेटवर आणखी फळ्या टाकल्याच, पण ड्रॉइंग तेवढ्यावर मंजूर झालं.

या पाच फळ्यांनी पुढं दोन घोळ केले.

पहिला शिक्क्याचा. निर्यातीच्या कच्च्या लाकडाला उष्णता प्रक्रिया लागते: लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. मग त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, प्रक्रिया करणाऱ्याचा नंबर आणि एचटी असा शिक्का बसतो. खोका शिक्क्याच्या लाकडाचा होता. पाच फळ्या मात्र सुतारानं वर्कशॉपच्या मागं पडलेल्या लाकडातून कापल्या. सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, फोटो पाठवला आणि त्यानं एका मिनिटात विचारलं, “खालच्या फळ्यांवर शिक्का कुठाय?” १८ ला रात्री फळ्या काढल्या, १९ ला शिक्क्याच्या आणून ठोकल्या. प्लायवूडला हा नियम लागू नाही, कारण ते प्रक्रिया केलेलं लाकूड धरतात. पुढच्या वेळी तळ प्लायचाच करू.

दुसरा वजनाचा. खोका वजनकाट्यावर घातला तेव्हा फळ्या लागायच्या होत्या. काटा २,६४० किलो बोलला. सगळ्या कागदांवर तोच आकडा गेला. त्याचं पुढं काय झालं ते पुढं येईलच.

खोक्यावर आणखी काय काय केलं तेही सांगतो. मोटर बसायची बाजू जड, त्यामुळं गुरुत्वमध्य मध्यापासून २४० मिमी सरकलेला. चारही बाजूंना तो लाल रंगानं दाखवला. नाहीतर फोर्कलिफ्टवाला मध्य बघून काटे घालतो आणि खोका एका अंगाला झुकतो. धक्का लागला की लाल होणारी दोन स्टिकरं लावली. आणि एक बाजू खिळ्यांऐवजी बोल्टवर घेतली, १८ बोल्ट. फॉरवर्डरनं हे सांगितलं तेव्हा फाजील वाटलं होतं.

१८ तारीख, गुरुवार. कागदांची यादी करताना पोटात गोळा आला. आमचा एडी कोड, म्हणजे बँकेची कस्टम्समधली नोंद, न्हावाशेव्याला होता. मुंबई एअर कार्गोला, म्हणजे सहारच्या आयएनबीओएम४ ला, नव्हता. बंदर बदललं की नोंद नव्यानं करावी लागते. ती नसेल तर शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा अर्ज, भरताच येत नाही. १९ ला सांगलीतल्या बँकेतून पत्र घेतलं, सहारच्या कस्टम्सच्या नावानं, सहीशिक्क्यासह, आणि आइसगेटवर, म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर, चढवलं. मग शनिवार, रविवार. सोमवारी २२ जानेवारीला राज्यात सार्वजनिक सुट्टी, बँका बंद. मंजुरी मंगळवारी २३ ला दुपारी आली. पाच दिवस गेले, आणि यातला एकही दिवस विमानामुळं गेला नव्हता. विमानानं कधी पाठवणार नसाल तरी सहारची नोंद आजच करून ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत.

बाकीचे कागद: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, चालू आर्थिक वर्षाचं एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र), सीएचएला अधिकारपत्र, विमान कंपनीसाठी सूचनापत्र, मूळ देशाचा दाखला. एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आकडा, ८४८३ ४०. शिपिंग बिलात रोडटेपचा, म्हणजे निर्यात मालावरचे कर परत मिळायच्या योजनेचा, दावा करायचा असल्यास तो तेव्हाच नोंदवावा लागतो, नंतर आठवून उपयोग नाही. केनियाच्या आयातदाराला तिकडं आयात घोषणा अर्ज, म्हणजे आयडीएफ, काढावा लागतो. त्याचा नंबर हातात आल्याशिवाय माल हलवू नका. तिकडच्या मानक संस्थेचा तपासणी दाखला लागतो का, हेही खरेदीदाराकडून लेखी घ्या.

एअर वे बिलाचा, म्हणजे विमान कंपनीच्या माल-पावतीचा, नंबर आला. ११ आकडी असतो: पहिले तीन विमान कंपनीचे, पुढचे सात बिलाचे, शेवटचा एक पडताळणीचा. त्या सात आकडी संख्येला ७ नं भागा, बाकी उरेल तो शेवटचा आकडा. १२३४५६७ ला भागलं तर बाकी ५, म्हणजे शेवट ५ नं हवा. आमच्या ऑफिसात कुणीतरी दोन आकडे उलटे टाइप केले होते, ते याच हिशेबानं सापडले.

२४ ला, बुधवारी, शिपिंग बिल भरलं आणि संध्याकाळी ट्रक निघाला. ई-वे बिलात, म्हणजे रस्त्यानं माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या कागदात, एक खाच आहे. ‘अतिमोठा माल’ हा पर्याय चुकून निवडला तर मुदत दिवसाला २० किमीच्या हिशेबानं मिळते, साध्या मालाला २०० किमी. दोन मीटरचा खोका आपल्याला मोठा वाटतो, पण उघड्या ट्रकवर तो साधाच माल आहे.

हंगाम असल्यानं पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं गेला. पुढं हायवेनं कराड, सातारा, खंबाटकीचा बोगदा, पुणे. मुंबईत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत अवजड गाड्यांना बंदी असते, त्यामुळं पहाटेच आत शिरायचं अशा बेतानं निघा. आमचा ड्रायव्हर २५ ला पहाटे सहारला पोचला. ट्रकभाडं २२,००० रुपये.

आणि तिथं सकाळी तीन तास गेले, चक्क फोर्कलिफ्टच्या काट्यांपायी. कुपवाडला खोका हायड्रा क्रेननं वरून उचलून ट्रकमध्ये ठेवला. फोर्कलिफ्टचे काटे घालायची जागा खोक्याच्या दोनच बाजूंना होती, आणि त्या बाजू ट्रकच्या डाव्या-उजव्या अंगाला आल्या. टर्मिनलच्या धक्क्यावर ट्रक पाठीमागून लागतो, फोर्कलिफ्ट मागूनच शिरते. मागच्या बाजूला सपाट फळी! शेवटी ट्रक बाहेर काढला, फाळके पाडले, बाजूनं उतरवला आणि परत आत नेला. उतराईचे जादा ४,५०० रुपये. खोक्याला चारही बाजूंनी काटे घालायची सोय ठेवा, निदान १०० मिमी उंचीची. ते जमत नसेल तर हायड्रावाल्याला ओरडून सांगा, तोंड मागं कर म्हणून.

टर्मिनलचा वजनकाटा २,७०० किलो बोलला. शिपिंग बिलात २,६४०. पाच फळ्या आणि त्यांचे बोल्ट! साठ किलोसाठी शिपिंग बिलात दुरुस्ती, एअर वे बिलात दुरुस्ती, आणि दुरुस्तीचा आकार वेगळा. खोका पूर्ण झाल्यावर, अगदी पट्टे आवळून झाल्यावरच वजन करा, आणि उसाच्या गाड्या जातात तो काटा नको. बहुतेक मोठे काटे १० किंवा २० किलोच्या पटीतच आकडा दाखवतात.

मग सुरक्षा तपासणी. एक्स-रेच्या बोगद्यात एवढा खोका जात नाही, आणि गेला तरी ओतीव लोखंडापलीकडचं त्यात काही दिसत नाही, पडद्यावर काळा ठोकळा दिसतो. म्हणून स्फोटकांचे अंश शोधायचं यंत्र वापरतात. आपल्याला आत जाता येत नाही. एच कार्डवाला, म्हणजे कस्टम्सचं ओळखपत्र असलेला, सीएचएचा माणूस आत होता, त्यानं फोनवर सगळं दाखवलं. तपासनीस पांढऱ्या कापडाची बोटभर पट्टी खोक्याच्या कडांवरून, काट्यांच्या खाचांतून फिरवतो, यंत्रात घालतो, काही सेकंद थांबतो, दुसरी पट्टी घेतो. मग म्हणाला, आतून बघायचंय. तेव्हा त्या १८ बोल्टांची किंमत कळली. ड्रायव्हरकडं १७ नंबरचे दोन पाने दिले होते. बाजू उघडली, आतली गंजरोधक पिशवी एका कोपऱ्यात कापली, गिअरबॉक्सच्या अंगावरून पट्टी फिरली, यंत्र गप्प राहिलं. पिशवी परत चिकटवायला जादा तुकडा आणि टेप खोक्यातच ठेवला होता. खिळ्यांचा खोका असता तर तिथं पहारीनं फोडला असता आणि परत ठोकायला सुतार कुठून आणणार?

२५ ला संध्याकाळी कस्टम्सची तपासणी होऊन लेट एक्सपोर्ट ऑर्डर मिळाली. म्हणजे देशाच्या दृष्टीनं माल जायला मोकळा.

२६ ला सुट्टी, पण टर्मिनलला सुट्टी नसते. त्या दिवशी खोका पॅलेटवर बसवला. फोटो आले. पॅलेटच्या कडेला चारही बाजूंनी खाचांची पट्टी असते, त्यात कडी अडकवतात आणि पट्टा रॅचेटनं आवळतात. एकेक पट्टा ५,००० पौंडांचा. बांधणी चार दिशांचा विचार करून होते: पुढं, मागं, बाजूला आणि वर. वरची दिशा ट्रकवाल्याच्या डोक्यात येत नाही. विमान हवेच्या खड्ड्यात खाली गेलं की माल जागेवरून उठू बघतो. कॉकपिट आणि माल यांच्यामध्ये एक दणकट जाळी किंवा भिंत असते, आणीबाणीत मालानं वैमानिकांवर येऊ नये म्हणून. तरीही प्रत्येक नग आपापल्या जागी वेगळा बांधतात.

विमान २७ ला पहाटे होतं. गेलं नाही. म्हणजे विमान गेलं, आमचा खोका राहिला.

कारण कळायला दुपार झाली. आधीच्या ठिकाणाहून आलेला पुढं जायचा माल जास्त होता आणि मेन डेकवरच्या जागा संपल्या. एका ७७७ मालवाहूत वर २७ पॅलेट आणि खाली पोटात १०, एकूण शंभर टनांच्या आसपास माल. ऐकायला खूप वाटतं. पण औषधं आणि नाशवंत माल आधी चढतो, आणि उंच मालाला खालच्या जागा चालत नाहीत, त्यामुळं आपल्यासाठी मोजून थोड्याच जागा उरतात. वर जड पॅलेट वाटेल तिथं ठेवता येत नाही. लोडमास्टर विमानाचा समतोल मांडतो, जड माल पंखांजवळ घेतो. शेपटीकडं जास्त भार आधी चढला तर उभं विमान मागं बसू शकतं, म्हणून चढवायचा आणि उतरवायचा क्रमही ठरलेला असतो.

यातून जे शिकलो ते असं: मालवाहू विमान रोज नसतं. आमच्या मार्गावर आठवड्यातून तीनच. एक चुकलं की दोन-तीन दिवस जातात आणि टर्मिनलच्या फुकट ठेवायच्या मुदतीनंतर साठवणभाडं चालू होतं. आमचे ६,२०० रुपये त्यात गेले. बुकिंग करताना आठवड्याच्या पहिल्या विमानाचं करा, शेवटच्याचं नको. खरेदीदाराला एक तारीख न सांगता दोन विमानांच्या दोन तारखा सांगा. आम्ही एकच सांगितली होती. २७ ची दुपार त्यांच्या फोनवर गेली, ती आठवायला नको वाटते.

मालवाहू विमानांचं एकूण आयुष्यच असं रात्रपाळीचं. काही जन्मापासून मालवाहू असतात, बरीचशी पंधरा-वीस वर्षं प्रवासी वाहून झाल्यावर या धंद्यात येतात. खुर्च्या काढायच्या, खिडक्या बुजवायच्या, फरशी बळकट करायची, अंगाला मोठं दार कापायचं. ७४७ हे नाव लोकांना प्रवासी विमान म्हणून माहीत, पण कारखान्यातून बाहेर पडलेलं शेवटचं ७४७ मालवाहूच होतं, जानेवारी २०२३ मध्ये दिलेलं. त्याचं नाक वर उघडतं, त्यामुळं लांबलचक शाफ्टसुद्धा समोरून आत सरकवता येतो. ७७७ ला ते जमत नाही, सगळं बाजूच्या दारातून वळवून घ्यावं लागतं. लांब माल असणाऱ्यांनी फॉरवर्डरला विमानाचा प्रकार जरूर विचारावा.

३० जानेवारी, मंगळवार, पहाट. ट्रॅकिंगवर ‘मॅन’ दिसलं, म्हणजे मालाच्या यादीत नाव चढलं, आणि दोन तासांनी ‘डेप’, विमान सुटलं. ऑफिसात चहा मागवला. त्याआधी पाच दिवस नुसतं ‘आरसीएस’ होतं, म्हणजे विमान कंपनीनं माल ताब्यात घेतला, एवढंच. ‘आरसीएफ’ म्हणजे पुढच्या ठिकाणी उतरून मोजला. नैरोबीचं आरसीएफ १ फेब्रुवारीला आलं, ‘एनएफडी’, म्हणजे आयातदाराला कळवल्याची नोंद, त्याच दिवशी. माल ३ तारखेला कारखान्यात पोचला. ८ जानेवारीपासून सव्वीस दिवस झाले, त्यातले हवेत आठ-नऊ तास.

स्टिकरांचे फोटो मागवले, दोन्ही पांढरीच होती. लाल झाली असती तर माल मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत विमान कंपनीला लेखी कळवावं लागतं, तोंडी तक्रार धरत नाहीत. खोका उघडायच्या आधीचे चारही बाजूंचे फोटो खरेदीदाराकडून मागवून घ्याच.

खर्च: खोका आणि लाकूड ४१,०००, ट्रक २२,०००, सीएचए आणि दुरुस्त्या १३,०००, उतराई आणि साठवण १०,७००, विमानभाडं २,७०० किलोंचं ४,५३,६००. भाड्यावर १८ टक्के जीएसटी, ८१,६४८ रुपये. निर्यातीच्या हवाई भाड्यावरची सूट ३० सप्टेंबर २०२२ ला संपली, हे आमच्या हिशेबनीसाला माहीत होतं, कोटेशन करणाऱ्याला नव्हतं. पैसे परताव्यात येतात, पण तोवर आपलेच अडकतात. कोटेशनच्या दिवशीच तेवढी रोकड बाजूला ठेवा.

माल पोचला म्हणून फाइल मिटवू नका. विमान कंपनीनं कस्टम्सला मालाची यादी, ईजीएम, द्यावी लागते, आणि त्यातलं वजन-नग शिपिंग बिलाशी जुळावं लागतं. आमच्या शिपिंग बिलात दुरुस्ती होऊन २,७०० झालं होतं, ईजीएममध्ये जुनंच २,६४० गेलं. आइसगेटवर ईजीएमची चूक दिसत राहिली आणि रोडटेपची रक्कम तिथंच अडकली. सीएचएनं दुरुस्तीचा अर्ज दिला, विमान कंपनीच्या ऑफिसात दोन खेपा झाल्या, १६ फेब्रुवारीला चूक निघाली. माल गेल्यावर आठवड्याभरात आइसगेटवर एकदा स्वतः बघा, सीएचए आपण होऊन सांगत नाही. बँकेत पैसे आल्यावर ईबीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे आल्याचं प्रमाणपत्र, तेही लगेच काढून घेतलं.

दुसरा तसाच गिअरबॉक्स आता स्टोअरमध्ये ठेवलाय. त्याचा तळ प्लायचा, फोर्कलिफ्टच्या काट्यांची सोय चारही बाजूंनी, आणि वजनाची चिठ्ठी फळ्या ठोकल्यानंतरची.